पीसी चालू केला की रोज तेच एरर येतात? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, विंडोज १० वाला असेंबल केलेला पीसी. सकाळी चालू केला की डेस्कटॉप आल्या आल्या एकामागोमाग तीन मेसेज येतात. पहिला 'रनडीएलएल, देअर वॉज अ प्रॉब्लेम स्टार्टिंग' आणि खाली कुठली तरी फाइल सापडत नाही म्हणून. दुसरा विंडोज स्क्रिप्ट होस्टचा, 'कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल', शेवटी डॉट व्हीबीएस. तिसरा 'द मेमरी कुड नॉट बी रीड' वाला, त्यात लांबलचक आकडे. तिन्हीवर ओके दाबलं की पीसी चालतो. पण अधूनमधून सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळी स्क्रीन येते, रीस्टार्ट मारला की मग दिवसभर काही नाही. दोनदा फॉरमॅट मारून झालं, थोड्या दिवसांत पुन्हा तेच, आणि आता टेक्निशियन म्हणतोय मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.

मदरबोर्डवर इतक्यात पैसे घालू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात एक आजार नाहीये, चार वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि त्या एकाच वेळी समोर येतात म्हणून एकच वाटतायत. पहिले दोन मेसेज हे खरं तर क्रॅश नाहीतच. तिसरा क्रॅश आहे पण तो एका प्रोग्रॅमचा, विंडोजचा नाही. निळी स्क्रीन ही विंडोजची स्वतःची आणि ती बहुतेक हार्डवेअर किंवा ड्रायव्हरकडे बोट दाखवतेय. या चौघांना एकच औषध म्हणून फॉरमॅट मारला की काय होतं, जे सॉफ्टवेअरमुळे होतं ते तात्पुरतं जातं, जे हार्डवेअरमुळे होतं ते जातच नाही, आणि मग त्याच पेन ड्राइव्हवरून तोच सगळा सेट परत टाकला की गेलेलं पण परत येतं.

सगळ्यात आधी उद्या सकाळी ओके दाबू नका. मोबाइलने तिन्ही डब्यांचा फोटो काढा, टायटल बारसकट. लोक काय करतात, मधला मजकूर वाचतात, तो तर सगळ्यांचा सारखाच असतो. कामाचं नाव वर टायटल बारवर असतं आणि फाइलचा पूर्ण पत्ता खाली. आणि एक गोष्ट नीट बघा, मेसेज लॉगिन व्हायच्या आधी येतो की डेस्कटॉप दिसल्यावर. लॉगिनच्या आधी काही फुटत असेल तर ड्रायव्हर, डिस्क, रॅम, बायोस (मदरबोर्डवरचा, विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) यांच्याकडे बघायचं. डेस्कटॉप आल्यावर येत असेल तर तुमच्या लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅम्सकडे. एवढ्या एका प्रश्नाने अर्धं काम हलकं होतं.

आता रनडीएलएल. हा व्हायरस नाही, रनडीएलएल३२ ही विंडोजची स्वतःची फाइल आहे, तिचं काम फक्त दुसरी डीएलएल फाइल उचलून चालवायचं. मेसेजचा अर्थ एवढाच की कुणीतरी तिला सांगून ठेवलंय की रोज सकाळी अमुक फाइल चालव, आणि ती फाइल आता तिथे नाही. भाडेकरू खोली सोडून गेलाय पण दारावरची पाटी तशीच, म्हणून पोस्टमन रोज येऊन बेल वाजवतोय, असला प्रकार. फाइल कोण घेऊन गेलं? एकतर तुम्ही प्रिंटर किंवा स्कॅनरचं जुनं सॉफ्टवेअर काढलं आणि त्याने आपली नोंद पुसली नाही, नाहीतर अँटीव्हायरसने फाइल उचलली पण ती चालवायची नोंद तशीच ठेवली. दुसरं जास्त वेळा असतं.

मग ही नोंद शोधायची कुठे? टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब सगळ्यांना माहीत असतो, पण तिथे फक्त रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) रन कीज आणि स्टार्टअप फोल्डर एवढंच दिसतं. टास्क शेड्युलरमधल्या नोंदी तिथे येत नाहीत, सर्व्हिसेस पण नाहीत. म्हणून लोक म्हणतात की स्टार्टअपमधलं सगळं बंद केलं तरी मेसेज येतोच. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स नावाचं फुकट टूल आहे, सिसइंटर्नल्स संचातलं, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी बनवलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवा, राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, आणि ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रीज लपवा, म्हणजे हजार ओळींच्या पन्नास होतात. जी ओळ पिवळी दिसेल तिची फाइल जागेवर नाही, म्हणजे तुमचा रनडीएलएलवाला त्यातच कुठेतरी असणार. गुलाबी ओळ म्हणजे डिजिटल सही नसलेली किंवा कंपनीचं नाव नसलेली फाइल, ती सगळीच वाईट नसते, लहान कंपन्यांची आणि आपल्याकडची बरीच टायपिंग सॉफ्टवेअर्स तिथे गुलाबीच दिसतात, त्यामुळे रंग बघून घाबरून डिलीट मारत सुटू नका. आणि काहीही डिलीट करायचंच नाही आत्ता, नुसती टिक काढायची. टिक काढली की नोंद बंद होते पण राहते, काही बिघडलं तर परत टिक लावता येते. पिवळ्या ओळी पण सगळ्या एकदम काढू नका, फोटोतल्या फाइलचं नाव वरच्या फिल्टरच्या खणात टाका, तेवढी एकच ओळ उरेल, तिची टिक काढा, रीस्टार्ट करा.

व्हीबीएसवाला मेसेज बघूनच मला तुमच्या धंद्याचा अंदाज आला असता. झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला पंचवीस लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात, कॉलेजची पोरं, प्रोजेक्ट, हॉलतिकिट, आधारची प्रिंट. त्यातल्या एकावर शॉर्टकट व्हायरस असला की बास. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हवरचं ऑटोरन, म्हणजे लावल्या लावल्या आतला प्रोग्रॅम आपोआप चालणं, बंद झालं, २०११ मध्ये अपडेटने एक्सपी आणि व्हिस्टावरपण बंद केलं, तेव्हापासून या किड्यांनी दुसरा रस्ता धरला. पेन ड्राइव्हमधले खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे, फोल्डरचंच चित्र असलेले शॉर्टकट बाहेर ठेवायचे. गिऱ्हाईक म्हणतं दादा 'प्रोजेक्ट' नावाच्या फोल्डरमध्ये आहे बघा, तुम्ही डबल क्लिक करता, फोल्डर उघडतो पण, म्हणजे शंका यायचं कारणच नाही, आणि मागच्या मागे स्क्रिप्ट तुमच्या मशीनमध्ये कॉपी होऊन स्टार्टअपला जाऊन बसते.

असा शॉर्टकट ओळखायचा असेल तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि टार्गेटची ओळ वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे एका फोल्डरचा किंवा फाइलचा पत्ता असतो, एवढंच. किडा असलेल्यात सुरुवात सीएमडीने होते, मग स्लॅश सी, मग स्टार्ट, मग डब्ल्यूस्क्रिप्ट आणि पुढे कसल्यातरी अगम्य नावाची व्हीबीएस फाइल, आणि त्याच ओळीत शेवटी एक्सप्लोरर आणि खऱ्या फोल्डरचं नाव. म्हणजे आधी माझं काम कर, मग याला त्याचा फोल्डर उघडून दे. फोल्डरच्या आयकॉनच्या खालच्या कोपऱ्यात वाकडा बाण दिसला तर डबल क्लिक करायचं नाही, हे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू टॅबमध्ये जाऊन फाइल एक्स्टेन्शन्स आणि हिडन आयटम्स दोन्ही दिसतील असं कायमचं करून ठेवा, दुकानाच्या पीसीवर तर ते हवंच.

तुमच्याकडे डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसने, व्हीबीएस फाइल उडवली असणार पण तिला बोलावणारी नोंद राहिली, म्हणून मेसेज. तीही ऑटोरन्समधेच सापडेल, बहुतेक वेळा अ‍ॅपडेटाच्या रोमिंग किंवा टेम्प फोल्डरचा पत्ता असतो. तिची टिक काढल्यावर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन एकदा मारा, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो म्हणून लपून बसलेलं पण सापडतं. गिऱ्हाइकाचे लपलेले फोल्डर परत आणायचे तर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या ड्राइव्हवर जाऊन अ‍ॅट्रिब कमांड, मायनस एच, मायनस आर, मायनस एस, मग स्टार डॉट स्टार, स्लॅश एस, स्लॅश डी. फोल्डर दिसले की शॉर्टकट आणि ती व्हीबीएस उडवा. आणि हेच ते, फॉरमॅट मारूनही थोड्या दिवसांत परत का येतं त्याचं एक कारण. फॉरमॅट तुमच्या मशीनचा झाला, गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हचा नाही झाला.

दुसरं कारण जरा अवघड जागेचं दुखणं आहे. फॉरमॅट मारायला येणारा जो सेट घेऊन येतो त्यात क्रॅक केलेलं विंडोज, ते अस्सल असल्याचं भासवणारा अ‍ॅक्टिव्हेटर, क्रॅक केलेलं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर हे सगळं एका पेन ड्राइव्हवर असतं. तो टाकताना डिफेंडर बंद करतो, काम झालं की पैसे घेऊन जातो, मग अपडेटनंतर डिफेंडर स्वतःहून चालू होतो आणि त्या अ‍ॅक्टिव्हेटरची एखादी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. नोंद टास्क शेड्युलरमध्ये तशीच. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मेसेज. मी कुणाला उपदेश करत नाहीये, पण धंद्याच्या मशीनवर ज्यात लोकांचे आधार, पॅन उघडता त्यावर असलं काही ठेवू नका, आणि ठेवलंत तर निदान एरर का येतोय याचं आश्चर्य तरी वाटून घेऊ नका.

आता तिसरा, 'मेमरी कुड नॉट बी रीड'. यातला मेमरी शब्द वाचून लोक डायरेक्ट रॅम बदलायला जातात. थांबा. याचा अर्थ एवढाच की प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा पत्त्यावर हात घातला जो त्याचा नव्हता, विंडोजने त्याला तिथेच मारला. कोड असतो ०एक्ससी००००००५, अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. कारण प्रोग्रॅममधला बग असू शकतं, रॅम पण असू शकतं, पण नुसत्या मेसेजवरून ते ठरत नाही.

ठरतं ते इव्हेंट व्ह्यूअरमधून. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करा, विंडोज लॉग्ज, त्यात अ‍ॅप्लिकेशन, आणि उजव्या बाजूला फिल्टर करंट लॉग दाबून इव्हेंट आयडीच्या जागी १००० टाका. आता फक्त क्रॅश झालेले प्रोग्रॅम राहतील. आज सकाळच्या वेळेची एन्ट्री उघडा. आतल्या मजकुरातल्या तीन ओळी कामाच्या. फॉल्टिंग अ‍ॅप्लिकेशन म्हणजे मेला कोण. फॉल्टिंग मॉड्यूल म्हणजे मरताना कुठली फाइल चालू होती. एक्सेप्शन कोड म्हणजे कशाने मेला. हे लाल गोळे बघून दडपण येत असेल तर परफमॉन, स्पेस, स्लॅश, रेल असं रनमध्ये टाका, रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो, त्यात दिवसावार चार्ट असतो आणि कुठल्या दिवसापासून हे सुरू झालं ते लगेच दिसतं. त्या दिवशी काय इन्स्टॉल झालं तेही तिथेच खाली असतं. मला हे टूल फार आवडतं आणि विंडोजमध्ये ते का लपवून ठेवलंय कळत नाही.

इथे एक एन्ट्री बघून निकाल द्यायचा नाही. पाचसहा दिवसांच्या एन्ट्रीज शेजारी शेजारी ठेवा आणि नावं जुळवा. माझं सगळं निदान या जुळवणीवर चालतं. रोज तोच प्रोग्रॅम मरतोय आणि मॉड्यूल कधी हे कधी ते, तर दोष त्या प्रोग्रॅमचा, अपडेट करा नाहीतर काढून परत टाका. रोज वेगळे प्रोग्रॅम मरतायत पण मॉड्यूल प्रत्येक वेळी एकच, तर गुन्हेगार तो मॉड्यूल, प्रोग्रॅम बिचारे बळी. आणि रोज वेगळे प्रोग्रॅम, वेगळे मॉड्यूल, कोडपण वेगवेगळे, कशाचा कशाला मेळ नाही, तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका, रॅम, डिस्क नाहीतर पॉवर सप्लाय. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा, मॉड्यूलच्या जागी एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस दिसलं तर ते धरायचं नाही. ते विंडोजचे पायाचे दगड आहेत, प्रत्येक प्रोग्रॅम त्यांच्यातूनच जातो, त्यामुळे मरताना तिथे सापडणं साहजिक आहे. ती डीएलएल 'खराब' झाली म्हणून कुठल्यातरी साइटवरून नवी उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकणारे लोक मी बघितलेत, त्यानंतर मशीन खरंच फॉरमॅटला जातं.

मधल्या प्रकाराचं एक उदाहरण देतो कारण तुम्ही डीटीपीवाले आहात. एका पतसंस्थेत सकाळी कधी वर्ड बंद पडायचं, कधी ब्राउझर, कधी प्रिंटरचं स्टेटस दाखवणारं ते छोटं सॉफ्टवेअर. तीन वेगळे प्रोग्रॅम म्हणून तिथे आधी आलेल्याने रॅम बदलून झाली होती. एन्ट्रीज उघडल्या तर तिन्हींत मॉड्यूलचं नाव एकच, मराठी टायपिंगच्या एका जुन्या सॉफ्टवेअरची डीएलएल. असली सॉफ्टवेअर कीबोर्ड पकडण्यासाठी हुक लावतात, म्हणजे त्यांची डीएलएल तुम्ही उघडाल त्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये घुसून बसते, आणि तिथे तर दोन टायपिंग सॉफ्टवेअर एकदम चालू होती, एक जुन्या फॉन्टसाठी आणि एक युनिकोडसाठी, कारण दोन क्लार्कांच्या दोन सवयी. दोघांचे हुक एकमेकांत अडकायचे. एक स्टार्टअपमधून काढलं, लागेल तेव्हा हाताने चालू करा म्हटलं, विषय संपला. तुमच्याकडे पण लिपी-फॉन्टवाली दोनतीन सॉफ्टवेअर असणार, तिथे आधी बघा.

कोडवरून पण बरंच कळतं. ०एक्ससी०००००७बी म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिटची खिचडी झालीय. ०एक्ससी००००१४२ म्हणजे एखादी डीएलएल सुरू होतानाच फसली. ०एक्सई०४३४३५२ दिसला तर डॉट नेटवर बनवलेला प्रोग्रॅम आहे, मग त्याच वेळेची १०२६ नंबरची एन्ट्री शोधा, खरं कारण साध्या वाक्यात तिथे लिहिलेलं असतं, अमुक फाइल सापडली नाही, अमुक सेटिंग वाचता आलं नाही असं. मॉड्यूलच्या जागी एमएसव्हीसीपी१४० असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबलची सगळ्यात नवीन आवृत्ती घ्या, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही, ६४ बिट विंडोजवर पण दोन्ही लागतात. जुनी आवृत्ती असलेल्या मशीनवर नवीन प्रोग्रॅम टाकला की तो सुरू होतानाच पडतो असं बऱ्यापैकी दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा, ०एक्ससी००००००६. शेवटी ५ नाही, ६. हा दिसला की बाकी सगळं सोडा, कारण याचा अर्थ प्रोग्रॅमचा तुकडा डिस्कवरून वाचायला गेलो आणि डिस्कने दिला नाही. आधी बॅकअप, मग बाकीचं.

एन्ट्रीजवरून काही निघालंच नाही तर क्लीन बूट, म्हणजे बाहेरचं सगळं बंद ठेवून विंडोज चालू करणं. एमएसकॉन्फिग उघडा, सर्व्हिसेसमध्ये हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेसवर टिक लावा, ती आधी लावा हं, नाहीतर विंडोजच्या सर्व्हिसेस बंद करून बसाल, आणि मग डिसेबल ऑल. स्टार्टअपमधलं पण सगळं बंद. रीस्टार्ट. मेसेज गेले तर बंद केलेल्यांपैकीच कुणीतरी आहे, निम्मे चालू करा, परत बघा, ज्या निम्म्यात आला त्याचे परत निम्मे. चाळीस सर्व्हिसेस असल्या तरी पाचसहा रीस्टार्टमध्ये एकावर येता. एकेक करत बसणारे लोक दुपारपर्यंत कंटाळून फॉरमॅटला जातात.

एसएफसी स्कॅननाऊ आणि डिझम रिस्टोअर हेल्थ हे दोन मंत्र प्रत्येक उत्तरात असतात म्हणून सांगतो. वाईट नाहीत, चालवा, आधी डिझम मग एसएफसी, डिझमला इंटरनेट लागतं. पण हे फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स तपासतात. तुमच्या प्रिंटरची, टायपिंगची, व्हीबीएसची फाइल त्यांच्या हिशेबातच नाही, त्यामुळे पहिल्या दोन मेसेजवर यांचा काडीचा उपयोग नाही. आणि एसएफसीला दर आठवड्याला दुरुस्त करायला काहीतरी नवीन सापडत असेल तर फाइल्स बिघडवणारं काहीतरी खाली चालू आहे, म्हणजे परत डिस्क किंवा रॅम.

आता निळी स्क्रीन, जी तुम्ही शेवटी सहज लिहिलीत आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. सकाळी पहिल्यांदाच येते आणि रीस्टार्टनंतर येत नाही, ही खूण फार बोलकी आहे आणि तिचे दोन अर्थ निघतात. पहिला, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन राहिलेला नाही, कर्नल आणि ड्रायव्हर्सची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत उचलतात. रीस्टार्ट मात्र खराखुरा, सगळं नव्याने. म्हणजे एखादा ड्रायव्हर शिळ्या अवस्थेतून उठताना गडबडत असेल तर तो शटडाउननंतरच गडबडणार, रीस्टार्टनंतर नाही. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, तिथे टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एसएसडी असेल तर चालू व्हायला दोनचार सेकंद जास्त लागतील, बाकी काही नुकसान नाही. हे पहिलं करा कारण फुकट आहे.

दुसरा अर्थ, थंड मशीन. रात्रभर बंद राहिलेल्या पीसीत रॅमचा कॉन्टॅक्ट नीट बसलेला नसला किंवा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, म्हातारा झाला असला तर पहिल्या चालू करण्यालाच धक्का बसतो, एकदा गरम झाला की चालतो. कोकणात पावसाळ्यात तर रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर चक्क काळपट थर येतो. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, रॅम काढा, साध्या पांढऱ्या खोडरबरने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, कणी झटका, दोन्ही बाजूचे क्लिप टक वाजेपर्यंत परत बसवा. कुणाला हा गावठी इलाज वाटेल, पण पुष्कळ वेळा एवढ्यानेच भागतं.

भागलं नाही तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं टूल पेन ड्राइव्हवर टाकून दुकान बंद करताना लावून जा, सकाळी बघा. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट पण आहे, एमडीशेड टाइप केलं की येते, पण ती जरा मवाळ आहे, तिने पास केलेली रॅम मेमटेस्टमध्ये नापास झालेली पुष्कळ बघितलीय. एक जरी एरर आला तरी रॅम नापास, 'एकच तर आहे' असं चालत नाही. मग एकेक स्टिक ठेवून टेस्ट, म्हणजे कुठली ते कळेल. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या स्पीडच्या, त्यातली एक सेकंडहँड, अशी जोडी असेल तर आधी एकावरच चालवून बघा. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवायचं सेटिंग, चालू असेल तर ते पण बंद करून बघा.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. वरचा निळा 'गुड' बघून समाधान मानू नका, खाली ०५, सी५ आणि सी६ या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या ओळींचे आकडे बघा, हार्ड डिस्कमध्ये ते शून्यच हवेत. ०५ वाढतोय तर डिस्क मरायला लागली. सी७ एकटाच वाढतोय तर डिस्क ठीक आहे, साटा केबल बदला, शंभर-दीडशेचं काम. आणि डिस्कवर शंका असेल तर चेकडिस्क स्लॅश आर मारायच्या आधी डेटा काढून घ्या, कारण ती कमांड आख्खी डिस्क घासून काढते आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच मान टाकते.

पीसी जुना असेल तर घड्याळ बघा. सकाळी तारीख चुकलेली दिसते, ब्राउझर सर्टिफिकेटवरून कटकट करतो, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. सेल संपला की बायोसची सेटिंग्ज कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातात, त्यात साटाचा मोड बदलला की 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळी स्क्रीन, आणि लोक समजतात हार्ड डिस्क गेली.

निळ्या स्क्रीनचा पुरावा सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत मिनीडंप फोल्डरमध्ये पडलेला असतो. निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू ते उघडून दाखवतं. इथे पण तोच नियम, एनटीओएस कर्नलचं नाव दिसलं म्हणून त्याला धरायचं नाही, चारपाच डंप जुळवून बघायचे. प्रत्येक वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव, तर तो ड्रायव्हर. दर वेळी नवीन कोड, तर रॅम. आणि डंपच पडत नसेल, नुसता झपकन बंद होऊन चालू होतो आणि सिस्टिम लॉगमध्ये कर्नल पॉवर ४१ एवढंच, तर एसएमपीएस, यूपीएसची बॅटरी आणि दुकानातली अर्थिंग बघा. झेरॉक्स मशीन आणि पीसी एकाच बोर्डवर आहेत का? लेझर मशीन गरम होताना चांगलाच करंट ओढतं, दोन्ही सकाळी एकदम चालू करत असाल तर काही दिवस पीसी आधी चालू करून बघा.

मशीन डेस्कटॉपपर्यंत येतच नाही अशी वेळ आली तरी फॉरमॅट लगेच नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बूट होतानाच निळ्या स्क्रीनवर अडकली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. त्याचा उतारा काय होता, सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली एक फाइल डिलीट करा, रीस्टार्ट करा. मशीन चालू होताना दोनतीनदा लागोपाठ मध्येच बंद केलं की विंडोज रिपेअरच्या स्क्रीनवर जातं, तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, सेफ मोड. लॅपटॉप असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) की आधीच लिहून ठेवा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, ऐन वेळी ती मागितली आणि नसली की डेटा हातचा गेला.

रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी बूस्टर यातलं काही टाकू नका, ते स्वतःच स्टार्टअपला जाऊन बसतात. आणि एररच्या डब्यात फोन नंबर असेल तर तो एरर नाही, फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीन ११ ला पात्र असेल तर पुढेमागे जा, पण आधी हे निस्तरा, बिघडलेल्या रॅमवर अपग्रेड मारलात तर तो मध्येच अडकेल.

तर उद्या फोटो, ऑटोरन्समधल्या त्या दोन ओळींची टिक काढणं, फास्ट स्टार्टअप बंद, रात्री मेमटेस्ट. आठवडाभर चालवा. तिसरा मेसेज तरीही आला तर १००० नंबरच्या चारपाच एन्ट्रीजचा पूर्ण मजकूर कॉपी करून पाठवा, नुसता डब्याचा फोटो नको, या मेसेजसाठी तो पुरत नाही, सोबत मेमटेस्टचा निकाल, क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट आणि मिनीडंपमधल्या फाइल्स झिप करून. आणि टायपिंगची कुठली कुठली सॉफ्टवेअर टाकलीत त्यांची नावं, बंद असलेली पण.